नदीचा जमाखर्च



नगरांतील बागा, तळीं, ओढे व नदीकांठची मोकळी जागा हीं केवळ शोभेचीं साधनें होत, असा समज रूढ आहे. अंदाजपत्रकांत पैसा उरला तर बाग करावी, न उरला तर ती पुढील वर्षावर ढकलावी! मला आज सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हा विषय सौंदर्याचा खरा. पण त्याआधीं तो जमाखर्चाचा आहे.

शाळेंतील एक साधें उदाहरण घेऊं. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर दहा लक्ष लिटर पाणी पडतें. ती जमीन छपरांनीं व काँक्रीटनें झांकलेली असेल, तर त्यांतील सुमारें नऊ लक्ष लिटर तत्काळ गटाराकडे धांवतें. तीच जमीन झाडाझुडपांची व भुसभुशीत मातीची असेल, तर बहुधा दोन लक्ष लिटरच वाहून जातें. फरक सात लक्षांचा. म्हणजे दहा हजार लिटरांचे सत्तर टँकर झाले. जें पाणी पावसाळ्यांत आपण पैसे खर्चून बाहेर घालवितों, तेंच चैत्र-वैशाखांत पैसे मोजून परत आणतों. एकाच वस्तूस दोनदां दाम देण्याचा व्यवहार कोणताहि शहाणा दुकानदार करणार नाहीं.

शहराची ही उठाठेव सायखेड्याच्या माणसानें कां करावी, असें कोणी विचारील. आमचें गांव गोदावरीच्या कांठीं, नाशकाच्या खालच्या अंगास वसलेलें आहे. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि नाशकांतील नंदिनी, वाघाडी यांचें पाणी आमच्याकडेच येतें. २०१६ व २०१९ या दोन्ही सालीं ऑगस्ट महिन्यांत सायखेडा व चांदोरी या गांवांत पुराचें पाणी शिरलें. पुरानें नासणारा दुकानांतील माल, चाळींतील कांदा, शेतांतील उभें पीक, यांची नोंद नगराच्या अंदाजपत्रकांत कोठेंहि नसते. वरच्याची बचत ती खालच्याची तूट, असा हा हिशेब आहे.

येथें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. धरण भरल्यावर पाणी सोडणें भागच असतें, आणि भिजून तृप्त झालेली माती अधिक पाणी पीत नाहीं. बागांनीं महापूर थांबेल असें नव्हे. परंतु पाणी येण्याची घाई त्या कमी करतात, आणि पुराच्या वेळीं एक तास उसंत मिळणें म्हणजे घरांतील धान्य वाचणें होय.

उलट मार्गानें काय होतें, हें मुंबईनें पाहिलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भराव व बांधकामें यांनीं आवळलेल्या मिठी नदीनें आपली जागा एका दिवसांत परत घेतली. पुढें तेंच पात्र रुंद व खोल करण्यासाठीं मोठा पैसा ओतावा लागला.

शहाणपणाचींहि उदाहरणें आहेत. न्यूयॉर्क शहरानें १९९७ सालीं, अब्जावधि डॉलरांची पाणी गाळण्याची यंत्रशाळा उभारण्याऐवजीं, कॅट्सकिल डोंगरांतील पाणलोट सांभाळण्याचा करार केला. तो पुष्कळ स्वस्त पडला. कोलकात्याच्या पूर्वेस मत्स्यतळ्यांतून नगराचें सांडपाणी ऊन व शेवाळ यांच्या योगानें शुद्ध होतें, आणि त्याच तळ्यांची मासळी बाजारांत येते.

आपल्याकडे पाटबंधारे खातें दोन पूररेषा आंखतें : पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आंत मळे, मैदानें व वृक्ष असावेत, घरें नसावींत. ओढे बुजवूं नयेत. आणि नवा रस्ता वा घाट बांधतांना त्याच्या खर्चांत खालच्या गांवांचें संभाव्य नुकसानहि मांडावें. असा पुरा हिशेब मांडला कीं, मोकळी जागा महाग वाटणार नाहीं. वहींत न लिहिलेला खर्च नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या कोणाच्या दारीं जातो.