वाढती उष्णता आणि भाजीपाल्याचे वाण
(व्याख्यानाचा संपादित अंश)



मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील भारताचा सर्वाधिक उष्ण मार्च महिना ठरला. त्यावेळी चर्चा प्रामुख्याने गव्हाची झाली. भाजीपाला मागे राहिला. वस्तुतः अल्पभूधारकाची रोजची मिळकत भाजीपाल्यावरच अवलंबून असते.

टोमॅटोचे उदाहरण बोलके आहे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आणि रात्रीचे साधारणतः २२ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास बहुतेक वाणांत फलधारणा घटते. झाड हिरवेगार असते, फुलेही येतात. मात्र परागकण निकामी झाल्याने ती गळतात. ही हानी फूल उमलण्याच्या सुमारे एक ते दोन आठवडे आधी, परागकण घडत असतानाच होते. त्यामुळे फूलगळ दिसू लागल्यावर केलेला उपाय बहुधा उशिराचा ठरतो.

वाणांचा प्रतिसाद दोन प्रकारचा असतो. काही वाण लवकर तयार होऊन किंवा बाष्पोत्सर्जनाने पाने थंड राखून ताण टाळतात. काही वाण तो सोसतात. त्यांच्या पेशींतील उष्माघात-प्रथिने इतर प्रथिनांचे रक्षण करतात आणि परागकण कार्यक्षम राहतात.

फुलकोबीचा इतिहास याबाबत उद्बोधक आहे. १८२२ मध्ये हे थंड हवेचे पीक इंग्लंडहून सहारनपूर येथे आले. उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी उष्ण-दमट हवेत तग धरलेल्या झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले. ‘स्नोबॉल’ प्रकाराला गड्डा धरण्यासाठी सुमारे १० ते १६ अंश तापमान लागते. लवकर येणारे भारतीय वाण २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. ‘पुसा मेघना’ हा याच परंपरेतील वाण.

परंतु सहनशीलतेला किंमत असते. लवकरच्या वाणांचे गड्डे तुलनेने लहान व कमी घट्ट असतात. म्हणजेच थोडे उत्पादन सोडून शेतकरी जोखीम कमी करतो. हा एक प्रकारचा विमाहप्ताच होय. म्हणून वाणाची पारख केवळ हेक्टरी उत्पादनावर न करता प्रतिकूल वर्षातील उत्पन्नावरही व्हावयास हवी.

जुलै २०२३ मध्ये भाजीपाल्याची महागाई ३७ टक्क्यांवर गेली आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के झाला. त्यामागे पाऊस, रोग व विस्कळीत पुरवठा अशी अनेक कारणे होती. तथापि धडा स्पष्ट आहे : भाव चढतात तेव्हा ज्याचे पीक गेले, त्याच्या हाती विकण्यास काहीच नसते.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ मध्ये हवामान-अनुकूल शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण जपणाऱ्या शेतकऱ्याचे योगदान मान्य केले. संशोधन केंद्रातील वाण खात्रीच्या बियाण्याच्या रूपाने, वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचला, तरच या प्रयत्नांचे सार्थक होईल.