वही आणि खातें

नाशिकास रामकुंडावर आलेला यात्रेकरू आपलें आडनांव व मूळ गांव सांगतो. मग त्याच्या कुळाचे तीर्थोपाध्याय बासनांतून जुनी वही काढतात आणि पणजोबांची नोंद पणतूच्या पुढें ठेवतात. पूर्वज केव्हां आले, बरोबर कोण होतें, मुलांचीं नांवें काय, हें तींत सांपडतें. जातांना पणतू आपलेंही नांव लिहून जातो. तें राहावें म्हणूनच लिहिलेलें असतें, आणि वही कोणाच्या घरीं आहे हें लिहिणारास ठाऊक असतें.

आजचा गृहस्थ मोबाईलवर आणखीही पुष्कळ वह्यांत आपलें नांव लिहीत असतो. जन्मतारीख, पत्ता, छायाचित्रें, काय विकत घेतलें, कोणाशीं बोलणें झालें, हें सारें त्यांत सांठतें. वही राखणारा मात्र त्यास कधीं दिसत नाहीं. एके दिवशीं कंटाळून तो ॲप काढून टाकतो आणि आपण मोकळे झालों असें समजतो. परंतु ही नुसती किल्ली फेकून देणें झालें. वही आंत तशीच असते.

खातें कायमचें मिटविण्याचा अर्ज केला तरी नोंद तत्काळ पुसली जात नाहीं. फेसबुक मन बदलण्यास ३० दिवस देतें. तेवढ्यांत पुन्हां प्रवेश करून अर्ज मागें घेतां येतो. नंतर सर्व माहिती पुसण्यास ९० दिवसपर्यंत लागूं शकतात. यंत्र बिघडलें तर माहिती नष्ट होऊं नये म्हणून तिच्या प्रती अनेक ठिकाणीं ठेवलेल्या असतात, हें या विलंबाचें एक कारण. शिवाय २०२१ च्या सरकारी नियमांनुसार, खातें बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस राखावी लागते. बँकांस तर ग्राहकाच्या ओळखीचे कागद खातें मिटल्यावर ५ वर्षें जपावे लागतात. आणि व्हॉट्सॲपवर स्नेह्यांस धाडलेले निरोप त्यांच्या मोबाईलमध्यें राहतात ते राहतातच.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढें २०२३ सालीं वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्या संमतीनें दिलेली माहिती पुसून टाका, असें सांगण्याचा हक्क त्याच्या १२ व्या कलमानें नागरिकास दिला. दुसरा कायदा ती राखावयास सांगत असेल तेथें मात्र हा हक्क चालत नाहीं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि या कलमाच्या अंमलासाठीं तेथून १८ महिन्यांची मुदत ठरली.

म्हणून श्रोत्यांनीं क्रम लक्षांत ठेवावा. प्रथम आपलीं छायाचित्रें व पत्रें उतरवून घ्यावीं. नंतर खात्यास जोडलेलें बँकेचें कार्ड काढावें, माहिती पुसण्याची मागणी लेखी करावी आणि पोंच जपून ठेवावी. मोबाईलचा क्रमांक सोडावयाचा असेल, तर त्यावरचीं खातीं आधीं मिटवावीं किंवा नव्या क्रमांकावर न्यावीं. कारण सोडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर परक्या माणसास मिळूं शकतो, आणि बँकेचे निरोप त्याच्या हातीं पडूं शकतात.

रामकुंडावरचा यात्रेकरू वही कोणाची, हें जाणून मगच तींत आपलें नांव लिहितो. घरांतल्या मुलांनीं नवें खातें उघडतांना वडील माणसांनीं त्यांस हाच प्रश्न विचारावयास शिकवावें.