जनरल मोटर्स: निर्णय कोणाचा, जबाबदारी कोणाची

जनरल मोटर्स ही कंपनी १६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात नोंदवली गेली. तिची मुळे मात्र मिशिगनमधील फ्लिंट या गावात आणि घोडागाड्यांच्या धंद्यात आहेत. विल्यम ड्युरंट या तरुण विक्रेत्याने १८८६ मध्ये डॅलस डॉर्टला भागीदार घेऊन उसनवारीच्या पैशांवर दुचाकी घोडागाडीचे हक्क विकत घेतले. शतक संपेपर्यंत हे दोघे देशातील मोठ्या गाडीवाल्यांत गणले जाऊ लागले. १९०४ मध्ये ड्युरंटने अडचणीत आलेली बुइक मोटर कंपनी हाती घेतली. तिचा संस्थापक डेव्हिड बुइक मूळचा नळकामाच्या सामानाचा कारखानदार. लोखंडी न्हाणीटबावर पांढरा मुलामा चढवण्याच्या पद्धतीने त्याला पैसा दिला आणि मोटारीच्या वेडाने तो घालवला. त्याचे नाव आजही गाड्यांवर मिरवते. तो स्वतः १९२९ मध्ये गरिबीत मेला.

दीक्षान्त समारंभात या कंपनीचा इतिहास सांगण्यास कारण आहे. आज पदवी घेणारे बहुतेक स्नातक उद्या कुठल्या ना कुठल्या मोठ्या संस्थेत कामाला लागतील, आणि आधुनिक मोठ्या संस्थेचा साचा ज्या थोड्या ठिकाणी घडला त्यांत जनरल मोटर्सचे स्थान पहिल्या रांगेत आहे. निर्णय वाटून देण्याची कला या कंपनीने जगाला शिकवली. वाटून दिलेला निर्णय शेवटी कोणाचाच उरत नाही, हेही तिच्याच इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

कंपनी नोंदवली गेल्यावर दोनच आठवड्यांनी हेन्री फोर्डने मॉडेल टी बाजारात आणली. फोर्डचा भर एकाच गाडीवर होता. ड्युरंटला सगळ्याच गाड्या हव्या होत्या. त्याने ओल्ड्समोबाइल घेतली, कॅडिलॅक घेतली, ओकलँड घेतली, शिवाय सुट्या भागांचे कितीतरी कारखाने घेतले. १९०९ मध्ये तर खुद्द फोर्ड कंपनी ऐंशी लाख डॉलरना विकत घेण्याची बोलणी झाली. फोर्डने रोख रक्कम मागितली आणि बँकांनी कर्ज नाकारले. पुढच्याच वर्षी कर्जाखाली वाकलेली जनरल मोटर्स बँकांच्या ताब्यात गेली आणि ड्युरंट बाहेर पडला. त्याने १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतपटू लुई शेव्हरोलेला बरोबर घेऊन नवी कंपनी काढली, ती यशस्वी केली, तिच्या समभागांच्या बदल्यात जनरल मोटर्सचे समभाग गोळा केले आणि १९१६ मध्ये जुनी कंपनी परत मिळवली. असे पुनरागमन उद्योगाच्या इतिहासात विरळाच. पण माणूस बदलला नव्हता. १९२० च्या मंदीत समभागाचा भाव टिकवण्यासाठी त्याने कर्ज काढून स्वतःच समभाग घेतले, तो कर्जात बुडाला आणि दुसऱ्यांदा, कायमचा बाहेर गेला. उतारवयात तो फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवत होता. १९४७ मध्ये तो वारला.

ड्युरंटने जमवलेल्या पसाऱ्याची कंपनी केली ती आल्फ्रेड स्लोनने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा विद्युत अभियंता असलेला हा शांत माणूस रोलर बेअरिंगचा कारखाना चालवत असे. ड्युरंटने तो कारखाना घेतला तेव्हा स्लोनही बरोबर आला. कंपनीची रचना कशी असावी याचा एक आराखडा त्याने ड्युरंटला दिला होता. ड्युरंटने तो बाजूला ठेवला. नंतर सूत्रे हाती घेणाऱ्या पिएर द्यू पाँने तो स्वीकारला, आणि १९२३ मध्ये स्लोन अध्यक्ष झाला. आराखड्याचे सार असे: प्रत्येक गाडीचा स्वतंत्र विभाग, प्रत्येक विभागप्रमुखाला उत्पादन आणि विक्रीचा पूर्ण अधिकार, मात्र पैशाची आणि धोरणाची दोरी मध्यवर्ती समित्यांच्या हाती. विक्रेते दर दहा दिवसांनी किती गाड्या विकल्या, किती पडून आहेत हे कळवू लागले, आणि त्या आकड्यांवर कारखान्याचा वेग ठरू लागला. शेव्हरोले सर्वांत स्वस्त, कॅडिलॅक सर्वांत महाग आणि मधल्या पायऱ्यांवर पाँटिअॅक, ओल्ड्समोबाइल, बुइक. पगार वाढेल तसा ग्राहक एकाच कंपनीच्या जिन्यावर वर चढत राही.

याच काळात एक धडा कंपनीला महागात मिळाला. चार्ल्स केटरिंग हा तिचा असामान्य संशोधक. हँडल मारून गाडी सुरू करण्याच्या त्रासातून आणि त्यात मोडणाऱ्या मनगटांतून लोकांची सुटका करणारा विजेवरचा स्टार्टर त्याचाच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो प्रथम आला. त्यानेच पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पंखुड्यांचे इंजिन तयार केले. वरच्या मंडळींनी ते शेव्हरोले विभागावर लादले. विभागातील अभियंते तयार नव्हते, गाड्या तापू लागल्या, आणि १९२३ मध्ये विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ज्याने गाडी बनवायची त्याच्याच हाती तांत्रिक निर्णय असला पाहिजे, ही स्लोनची धारणा त्यातून पक्की झाली.

फोर्ड रोखीने गाडी विकण्यावर अडून बसला असताना जनरल मोटर्सने १९१९ मध्येच हप्त्यांवर कर्ज देणारी कंपनी काढली होती. लवकर वाळणारे रंग आले, १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली गाडीचे रूप ठरवणारा स्वतंत्र विभाग आला, दरवर्षी थोडे बदललेले मॉडेल आणण्याची चाल रुळली. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. चार वर्षांनी जनरल मोटर्स जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली, आणि पुढची ७७ वर्षे तिने ती जागा सोडली नाही.

या वैभवाच्या तळाशी शिसे आहे, आणि ते झाकून पुढे जाता येत नाही. केटरिंगच्या प्रयोगशाळेतील थॉमस मिजलीला डिसेंबर १९२१ मध्ये आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले की इंजिनाची ठोकाठोक थांबते. शिसे विषारी असते हे त्या वेळी सर्वांनाच ठाऊक होते. तरीही मिश्रण ‘एथिल’ या नावाने, शिशाचा उल्लेख गाळून विकले गेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या वैद्यकतज्ज्ञांनी जाहीर विरोध केला. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील शेवटचे पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाले. मधल्या काळात लहान मुलांच्या रक्तात किती शिसे उतरले, याची जबाबदारी कुठल्याही एका सहीवर सापडत नाही.

कामगारांच्या वाट्याला स्लोनच्या रचनेत निर्णय नव्हताच. असेंब्ली लाइनचा वेग वाढवला जाई आणि संघटनेचे नाव काढणाऱ्यामागे कंपनीचे हेर लागत. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटमधील कंपनीच्याच फिशर बॉडी या विभागाच्या कारखान्यांत कामगारांनी यंत्रे बंद केली आणि बाहेर न जाता ते आतच बसून राहिले. मालकाला बदली माणसे आणता येऊ नयेत, हे या बैठ्या संपाचे मर्म. ऐन मिशिगनच्या थंडीत कंपनीने उष्णता तोडली. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर आणि गोळ्या वापरल्या. आतून बिजागऱ्या, बाटल्या आणि पाण्याचे फवारे आले. बायकांनी आपले पथक उभारले आणि त्या कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्ड बोलावले, पण संपकऱ्यांना हुसकावण्यासाठी ते वापरले नाही. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जगातील सर्वांत मोठ्या कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला मान्यता दिली. अमेरिकन मध्यमवर्गात कारखान्याचा कामगार आला तो या संपाच्या वाटेने. १९५० च्या पाच वर्षांच्या करारात निवृत्तिवेतन, विमा आणि महागाईशी बांधलेली पगारवाढ मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने नागरी गाड्या थांबवून रणगाडे, ट्रक आणि विमानांची इंजिने बनवली. तिचा अध्यक्ष विल्यम नुडसन नोकरी सोडून सरकारी उत्पादनाचे काम पाहायला वॉशिंग्टनला गेला. युद्धानंतर १९५५ मध्ये वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक नफा मिळवणारी ती पहिली अमेरिकन कंपनी ठरली. व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यासक पीटर ड्रकर याने तिच्या आत राहून अभ्यास केला, १९४६ मध्ये पुस्तक लिहिले आणि रचनेची वाखाणणी करतानाच बदल सुचवले. कंपनीच्या वरिष्ठांना ते रुचले नाही. यशाच्या शिखरावर असलेल्या संस्थेला सूचना ऐकू येत नाहीत, आणि इथून पुढचा इतिहास बराचसा त्या बहिरेपणाचा आहे.

१९६० चे मॉडेल म्हणून आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचे इंजिन मागे होते आणि मागच्या चाकांची बांधणी वळणावर घात करू शके. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये पुस्तक लिहून हे मांडले. कंपनीने गाडीची चौकशी करायची सोडून नेडरच्या खासगी आयुष्यामागे गुप्तहेर लावले. मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर लहान, काटकसरी जपानी गाड्यांनी बाजार घेतला. या काळातील सर्वांत बोलका प्रयोग कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि खराब मालासाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारी करून तो पुन्हा उघडला, आणि कामावर घेतली ती बहुतांशी जुनीच माणसे. फरक कामाच्या पद्धतीत होता. दोष दिसताच कुठल्याही कामगाराने डोक्यावरची दोरी ओढावी, मदत न पोहोचल्यास लाइन थांबावी, आणि दोष जिथे झाला तिथेच दुरुस्त व्हावा. थोड्याच काळात त्याच हातांतून जपानी तोडीच्या गाड्या निघू लागल्या. जनरल मोटर्सचे व्यवस्थापक हे पाहून गेले, पण इतर कारखान्यांत ते रुजले नाही. लाइन थांबवणे हा अपराध मानून मोठे झालेल्या संस्थेला कामगाराच्या हातात दोरी देणे जमेना. १९९६ मध्ये भाड्याने दिलेल्या ईव्ही-१ या विजेच्या गाड्याही कंपनीने काही वर्षांत परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. दहा-बारा वर्षांची आघाडी तिने अशी स्वतःच्या हाताने पुसली.

२००८ मध्ये कंपनीचा तोटा ३० अब्ज डॉलरवर गेला आणि टोयोटाने तिचे पहिले स्थान घेतले. १ जून २००९ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकन सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले, पाँटिअॅक आणि सॅटर्न या तिच्या मोटारी बंद झाल्या, आणि चाळीस दिवसांत नव्या ताळेबंदाची कंपनी उभी राहिली. सरकारने आपले शेवटचे समभाग २०१३ च्या डिसेंबरात विकले. करदात्यांचे सुमारे दहा अब्ज डॉलर परत आले नाहीत.

जानेवारी २०१४ मध्ये मेरी बारा मुख्याधिकारी झाल्या. कंपनीनेच फ्लिंटमध्ये चालवलेल्या जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटच्या त्या विद्युत अभियंता. वडील पाँटिअॅकमध्ये डाय बनवणारे कारागीर. काही आठवड्यांतच इग्निशन स्विचचे प्रकरण फुटले. अभियांत्रिकीच्या स्नातकांनी यातला तपशील नीट पाहावा. शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांतील किल्लीचा स्विच ठरल्यापेक्षा सैल होता. गुडघ्याचा धक्का किंवा जुडग्याचे वजन यांनी किल्ली फिरे, धावती गाडी बंद पडे, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होई. तक्रारी कित्येक वर्षे येत होत्या, पण त्या ग्राहकाच्या ‘गैरसोयी’च्या खात्यात जमा झाल्या. गाडी बंद पडली की एअरबॅग उघडणार नाही, हे जोडून पाहणे कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. सुधारणेचे प्रस्ताव खर्चामुळे मागे पडले. २००६ मध्ये एका अभियंत्याने स्विच बदलायला मंजुरी दिली, मात्र भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे पुढे तपास करणाऱ्यांना जुना आणि नवा भाग वेगळे आहेत हेच कळेना. कंपनीच्या भरपाई निधीने या दोषामुळे १२४ मृत्यू झाल्याचे मान्य केले.

वकील अँटन व्हलुकास यांच्या चौकशी अहवालात ‘जीएमची मान’ असा एक प्रकार नोंदला आहे: बैठकीत सगळ्यांनी होकारार्थी मान डोलवायची आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही. दुसरा प्रकार हातांची घडी घालून बोट समोरच्याकडे दाखवण्याचा. पंधरा जणांना काढण्यात आले. कंपनीने ९० कोटी डॉलर दंड भरला, आणि सुरक्षिततेची शंका थेट वर कळवण्याची वाट कर्मचाऱ्यांना करून देण्यात आली.

भारताशी या कंपनीचा संबंध जुना आहे. १९२८ मध्ये तिने मुंबईत गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला. देशात मोटार जुळवणारी ती पहिली कंपनी. भाग इथेच बनवण्याचे धोरण सरकारने आखल्यावर १९५० च्या दशकात ती निघून गेली. नव्वदच्या दशकात ती गुजरातेत हालोलला परतली, २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला तिचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि शेव्हरोले तवेरा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर भाड्याची गाडी म्हणून घरोघरी माहीत झाली. २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबवली. त्याच वर्षी युरोपातील ओपेल आणि व्हॉक्सहॉल या आपल्या कंपन्याही विकून टाकल्या. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, त्या २०२० च्या अखेरीपर्यंत. हा कारखाना २०२४ च्या जानेवारीत ह्युंदाईकडे गेला. मायदेशातही तिची जागा हलली: अमेरिकेत २०२१ मध्ये टोयोटाने विक्रीत तिला मागे टाकले. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने पहिली जागा परत घेतली.