ऑक्सिमीटरची परीक्षा कोण घेणार?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावचा. बी.टेक. केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आजचा विषय आहे बोटाला लावायचा तो छोटा चिमटा, ऑक्सिमीटर.

२०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हेच यंत्र महाराष्ट्रात घरोघरी फिरलं. त्यावरचा आकडा बघून कुणाला दवाखान्यात पाठवायचं ते ठरायचं. आता हा आकडा येतो कुठून? लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जातो. पलीकडे कोणता किती पोचला, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतात. पण कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं ना!

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली गेलेला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत आढळलं. गोऱ्यांमध्ये फक्त ३.६ टक्के. आपल्या इकडे सावळे, काळे हातच जास्त. म्हणजे हा प्रश्न आपलाही आहे.

मग यंत्र तपासायचं कसं? सॉफ्टवेअरमध्ये आपण उत्तर आधीच माहीत असलेली टेस्ट केस चालवतो. इथे ते काम करतं 'फँटम', म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने मांसासारखा वागणारा नकली तुकडा. जिलेटिनचा सोपा आणि स्वस्त पडतो, पण सुकतो, सडतो. आपल्या मे महिन्यात तर वितळूनच जाईल! आज आणि महिन्याभराने वेगळे आकडे आले, तर बिघाड यंत्रात की फँटममध्ये, कसं कळणार?

म्हणून सिलिकॉन रबर वापरतात. प्रकाश विखुरायला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या रंगात असते ती पावडर. प्रकाश शोषायला काजळी. नीट घोटायचं, नाहीतर पावडर तळाशी बसते. व्हॅक्यूम लावून बुडबुडे काढायचे. असा तुकडा कित्येक महिने टिकतो. काजळी कमीजास्त करून गोऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा बनवता येतात. ऑक्सिमीटरला नाडीही लागते, म्हणून आत मऊ नळी घालून पंपाने द्रव ढकलतात.

तोवर एक लक्षात ठेवा. आकडा चांगला दिसतोय, पण माणसाला धाप लागलीय? मग आकड्यावर नको, माणसावर विश्वास ठेवा आणि दवाखाना गाठा.