जुन्या सायकलीचा अडलेला गिअर



डोंगरी सायकल ही जन्मानें कॅलिफोर्नियाची. सन १९७० नंतरच्या दशकांत मॅरिन परगण्यांतील माउंट टॅमलपायसच्या कच्च्या वाटांवरून कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली पिटाळीत खालीं उतरूं लागले. उतरणें सोपें, परत चढावें कसें, हा प्रश्न होता. म्हणून त्या अवजड सायकलींना अनेक गिअर बसविण्यांत आले. पुढें ही जात जगभर पसरली व आपल्याकडेहि आली. आज तिच्यांतल्या कित्येक गॅलरींत नाहीं तर जिन्याखालीं धूळ खात उभ्या आहेत, आणि तक्रार बहुधा एकच असते : गिअर फार जड पडतो.

पुण्यांतील एका घरीं अशी वीस-बावीस वर्षांची सायकल होती. वडिलांनीं ती तरुणपणीं वापरलेली. आतां कॉलेजांत जाणाऱ्या मुलीला रविवारीं मैत्रिणींबरोबर खडकवासल्यास जाण्यासाठीं ती हवी होती. पण गिअरचा खटका दाबतां दाबतां तिचा आंगठा दुखून येई, व चढ समोर आला कीं हलका गिअर वेळेवर पडत नसे. दुकानांत खटका, डिरेलर व फ्रीव्हील सारेंच बदलण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च ऐकून आईनें भंगारवाल्याचें नांव काढलें.

वस्तुतः या यंत्रांत गूढ असें फारसें नाहीं. खटका दाबला कीं सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीची पोलादी तार ओढली जाते. ती आउटर नांवाच्या आवरणांतून मागच्या चाकापाशीं जाऊन डिरेलरला खेंचते, व डिरेलर साखळीला शेजारच्या चक्रावर ढकलतो. आठ चक्रांच्या नेहमींच्या शिमानो रचनेंत एका टप्प्यास ही तार तीन मिलिमीटरहि सरकत नाहीं. एवढ्याशा हालचालींत गंजानें थोडा अडथळा केला तरी हिशेब चुकतो. शिवाय ओढतांना आंगठ्याचा जोर मिळतो. परततांना मात्र तारेला केवळ डिरेलरच्या स्प्रिंगचा आधार असतो.

दोष तिघांपैकीं कोणाचा, हें पाहण्यास हत्यार लागत नाहीं. मागचें चाक उचलून पेडल फिरवीत साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर न्यावी. मग पेडल अजिबात न फिरवितां खटका एकेक टप्पा सोडीत लहान चक्राच्या टप्प्यावर आणावा. साखळी जागेवरच राहते आणि तार ढिली पडते. फ्रेमवरील खांचांना चीर असेल, तर आउटरचे तुकडे हातानेंच बाहेर निघतात. आतां ढिल्या तारेवर खटका दाबून पाहावा, डिरेलर हातानें हलवून पाहावा, व प्रत्येक तुकडा तारेवर पुढेंमागें सरकवावा. जो अडेल तो अपराधी.

त्या घरीं वडिलांनीं हेंच केलें. खटका हलका होता. (पुष्कळ जुन्या खटक्यांत आंतलें ग्रीस वाळून चिकट होतें व खटका नुसताच पोकळ फिरतो, तेथें गंज सोडविणाऱ्या तेलाचा फवारा मारून तो शंभर वेळां दाबावा, बहुधा सुटतो.) डिरेलरहि नीट हलला. अडला तो मागच्या चाकाजवळचा शेवटचा वळसा. पावसाचें पाणी व चिखल तेथेंच साचतो. तार बाहेर काढली ती तपकिरी. पेडलांखालच्या प्लॅस्टिकच्या खोबणींतहि वाळलेला चिखल होता. आणखी एक गोष्ट आढळली : मागें कोणीतरी तेथें ब्रेकचें आउटर घातलें होतें. ब्रेकच्या आउटरमध्यें तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, म्हणून दाबाखालीं तें किंचित् आखडतें. गिअरच्या आउटरमध्यें तारा लांबीच्या दिशेनें उभ्या असतात. उलट चूक तर फार घातक, कारण गिअरचें आउटर ब्रेकचा ताण न सोसून फुटूं शकतें.

नवी तार व गिअरचें आउटर एवढीच खरेदी झाली. आउटर साध्या पकडीनें चेपून तोडूं नये. धारदार कातरीनें कापून टोंक सपाट करावें, आंतली मिटलेली नळी दाभणानें उघडावी, मगच टोपी बसवावी. शेवटचा वळसा सैल व गोल ठेवावा. तो आवळून आखूड करण्याची हौस नडते. आंत जाड ग्रीस भरणें हा जुना समज आहे. तें धूळ धरून ठेवतें.

शेवटीं तार ताणणारी फिरकी. साखळी मोठ्या चक्रावर चढण्यास कुचरत असेल तर फिरकी अर्धा फेरा बाहेर, लहान चक्रावर उतरण्यास कुचरत असेल तर आंत. डिरेलरवरील दोन बारीक स्क्रूंना मात्र हात लावूं नये. ते साखळीची सीमा ठरवितात, आणि चुकल्यास साखळी थेट आऱ्यांत जाते.

मुलगी त्या रविवारीं खडकवासल्यास जाऊन आली. नवें आउटर खांचांत बसल्यामुळें तार थोडी ढिली पडली होती. सोमवारीं वडिलांनीं फिरकी आणखी अर्धा फेरा बाहेर काढली.