आधी खोली, मग बाकी सगळं



परदेशात इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींना लोक थंडीबद्दल, जेवणाबद्दल सांगतात. मी खोलीबद्दल बोलणार आहे. उदाहरण जर्मनीचं घेते, कारण तिथे मी सहा महिने इंटर्न होते.

जर्मनीत तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. नोंद झाली की टॅक्सचा क्रमांक पोस्टाने घरी येतो. व्हिसा वाढवताना हाच कागद लागतो, बऱ्याच बँकाही तो मागतात. काही खोल्या स्वस्त मिळतात, पण तिथे हे पत्र देत नाहीत. म्हणून पैसे पाठवण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: इथे पत्ता नोंदवता येईल का?

आता पैशाचं. पगार महिना संपता संपता मिळतो, भाडं आणि डिपॉझिट आधीच द्यावं लागतं. कायद्याने डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. मालक हे आपणहून सांगेलच असं नाही. आणखी एक गोष्ट. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर तिथला किमान वेतनाचा कायदा तिला लागू होत नाही. म्हणून सही करण्याआधी रक्कम नीट वाचा.

ज्यांचा मामा, आत्या आधीच परदेशात आहे, त्यांना हे जेवताना ताटावर कळतं. आपल्या घरातून विमानात बसणारे आपणच पहिले. म्हणून हे माहीत नसणं म्हणजे हुशारी कमी असणं नव्हे. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, आणि आपल्याकडे ते जातीनुसार वाटलेलं आहे.

मग घाईघाईत आपण भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोली शोधतो. तिथे ‘फक्त शाकाहारी’ असं लिहिलेलं दिसतं. मला एका फोनवर भाडं, तारीख सगळं ठरल्यावर आडनाव विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशी खोली ‘गेली’. जाहिरात मात्र पुढे आठवडाभर तशीच होती. तक्रार कुठे करायची? जर्मनीच्या २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे; जात हा शब्द नाही. अमेरिकेत सिएटल शहराने २०२३ मध्ये तो आपल्या कायद्यात घातला, पण सगळीकडे सिएटल नाही.

बाबासाहेब १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनहून परतले, बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, आणि राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं. पदवी होती, पगार होता, छप्पर नव्हतं. नोकरी देणारा आणि घर देणारा वेगळा असतो, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून तीन गोष्टी करा. ऑफर हातात पडताच संस्थेच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला लिहा आणि खोलीची मदत मागा. निरनिराळ्या देशांची मुलं एकत्र राहतात अशा घरांतही अर्ज करा. परक्या नावाला तिथेही नकार मिळतो, तरी शोध एकाच ग्रुपवर थांबवू नका. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: परत येताना मालकाला विचारून तीच खोली आपल्यातल्या पुढच्याला मिळवून द्या. डिपॉझिट किती, कागद कोणते, मालक कसा, सगळं लिहून द्या.

आपल्याला सांगायला कुणी नव्हतं. आपल्यामागून येणाऱ्या पोरीला सांगायला आपण आहोत.

जय भीम.