सुरमईचा उपवास



प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी आमच्या घरी मटण बंद. म्हणून आई सुरमई तळायची! हा काळ संपूच नये, असं मला लहानपणी वाटे. पुढे ईशज्ञानाचा डिप्लोमा झाला, तरी माझा उपवास ताटापुरताच राहिला.

अशाच एका शुक्रवारी जव्हारकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. घरातली आजी पाहुण्यासाठी कोंबडी धरायला निघाली. मी ऐटीत म्हणालो, "आजी, आज माझा उपवास."

आजी हसली. "आमचा तर रोजच असतो, बाबा."

तिने नाचणीची भाकरी आणि चटणी वाढली. रात्री घरी ताटात सुरमई होती. घास घशाखाली उतरेना.

मग पोप सहावे पॉल यांचं १९६६ सालचं 'पेनितेमिनी' हे पत्र पुन्हा काढलं. शुक्रवारचा नियम त्यात आहेच. पण प्रार्थना, उपवास आणि दानधर्म एकत्र सांगितले आहेत. सुबत्ता आहे तिथे त्याग अधिक दिसावा. गरिबी आहे तिथे सामाजिक न्यायासाठी झटत दुःख प्रार्थनेत अर्पावं. मटणाऐवजी महागडा मासा, असं कुठेच नाही!

मी नियम पाळला होता, शिकवण नाही.

आता या काळात शुक्रवारी आमच्याकडे वरणभात. वाचलेले पैसे पाड्यावरच्या मुलांच्या जेवणासाठी. तुम्हीही करून पाहा.

आजीकडे पुन्हा गेलो, तो मुद्दाम रविवारी, सुरमई घेऊन. तिने कोंबडी कापलीच. दोघंही पोटभर जेवलो!